रेघाताई आणि उलटा वंशवृक्ष

रेघाताईंचं कागदोपत्री नाव वेगळं होतं. पण नोकरीला लागल्यावर पहिल्याच आठवड्यात त्यांनी पट्टी न लावता, एका दमात, हातभर लांबीची सरळ रेघ मारून दाखवायची पैज जिंकली, आणि त्या रेघाताई झाल्या त्या झाल्याच. नवीन माणसाला वाटे, रेखाताई असणार, बोलणाऱ्याची जीभ जड असेल. मग कुणीतरी त्याला समजावून सांगे, "नाही हो, रेघच. रेघोट्यांतली."

संस्था आकाशाचा अभ्यास करणाऱ्यांची होती. वरच्या तीन मजल्यांवर शास्त्रज्ञ बसत, आणि तळमजल्यावर, उत्तरेकडच्या खिडक्या असलेल्या लांबट खोलीत, आरेखन विभाग होता. वरून येणारे पेन्सिलीचे गिचमिड आलेख शाईनं स्वच्छ काढून द्यायचे, हे तिथलं काम. चार उतरती टेबलं, पोटात दोन ट्यूबलाइट असलेलं एक काचेचं टेबल आणि भिंतीला लागून उथळ, पसरट खणांचं कपाट. पेनं नळीच्या टोकाची, प्रत्येकाच्या टोपणावर जाडीचा आकडा. सगळ्यात बारीक पेन सारखं तुंबायचं. मग ते कानाशी धरून हलवायचं; आतल्या तारेचा टिकटिक आवाज आला की जीव आहे म्हणायचं. चूक झाली तर ब्लेडच्या कोपऱ्यानं शाई हलकेच खरवडायची आणि नखाच्या पाठीनं कागद घोटून पुन्हा गुळगुळीत करायचा. रेघाताईंच्या उजव्या अंगठ्याचं नख त्यामुळे कायम काळं असे. घरी सासूबाई म्हणत, "अगं, बँकेत कारकून झाली असतीस तर हात तरी स्वच्छ राहिले असते."

विभागाचे प्रमुख वस्ताद. उभी हयात इमारतींचे आणि पुलांचे नकाशे काढून ते उतारवयात इथं आले होते. चष्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेली, खिशात सदैव खोडरबराचा तुकडा. त्यांचा नियम एकच. "पोरी, आपण आखायचं. अर्थ लावायला वर माणसं बसलीत." रेघाताईंनी तो सहा वर्षं पाळला. आकाशगंगांचे आलेख काढले, ताऱ्यांच्या रंगांचे तक्ते काढले, आणि कशाचा काय अर्थ हे एकदाही विचारलं नाही.

सातव्या वर्षी डॉक्टर आले.

ते औषध देणारे डॉक्टर नव्हते, हे सासूबाईंना शेवटपर्यंत पटलं नाही. "तुमच्या त्या डॉक्टरांना माझ्या गुडघ्याचं विचार की," असं त्या दर पंधरा दिवसांनी सांगत. डॉक्टर म्हणजे तिशीतला एक लांबट माणूस. दारातून आत येताना डोकं वाकवायची सवय, तीही जिथं वाकवायची गरज नाही अशा दारातसुद्धा. हातात घडीघडीच्या कॉम्प्युटर कागदांचा छातीएवढा गठ्ठा. तो त्यांनी रेघाताईंच्या टेबलावर ठेवला आणि म्हणाले, "हॅलो."

"नमस्कार," रेघाताई म्हणाल्या.

"नाही, म्हणजे, हे सगळे हॅलो आहेत. यांचा वंशवृक्ष काढायचाय."

पलीकडच्या टेबलावरून वस्ताद म्हणाले, "फोन बाहेरच्या पॅसेजमध्ये आहे, साहेब."

पहिल्यांदा खोलीभर हसू झालं, मग डॉक्टरांनी स्टूल ओढलं. रेघाताईंचा नियम मोडला तो त्या सकाळी. खरं तर त्यांनी अर्थ विचारला नव्हता. "वंशवृक्ष म्हणजे वरती आजोबा आणि खाली नातवंडं, तसाच ना?" एवढंच विचारलं होतं. पण डॉक्टरांना इतका साधा प्रश्न कुणी विचारलाच नसावा. ते अर्धा तास बोलत राहिले.

विश्वात जेवढं दिसतं, त्याच्या कितीतरी पट न दिसणारं द्रव्य आहे, ते म्हणाले. ते उजेड देत नाही आणि अडवतही नाही. फक्त त्याला वजन आहे आणि ते ओढतं. सुरुवातीला ते जवळजवळ सगळीकडे सारखं पसरलेलं होतं. कुठं किंचित दाट, कुठं किंचित विरळ. जिथं दाट होतं तिथं आजूबाजूचं ओढलं गेलं आणि छोटे छोटे पुंजके झाले. मग पुंजक्यांनी पुंजके ओढले. दोनाचा एक झाला, पाचांचा एक झाला. शिवाय मधलं सुटं द्रव्य सतत झिरपत होतंच. अशा पुंजक्याला हॅलो म्हणायचं. आपली आकाशगंगासुद्धा अशाच एका मोठ्या पुंजक्याच्या पोटात बसलेली आहे.

"हे तुम्ही पाहिलंत?"

"कुणीच पाहिलेलं नाही. आम्ही कॉम्प्युटरमध्ये एक चौकोनी पेटी मांडली, तिच्यात अडीच लाख ठिपके सोडले आणि त्यांना एकमेकांना ओढू दिलं. मधूनमधून थांबवून चित्र घेतलं. ही अशी अठ्ठेचाळीस चित्रं आहेत. पहिलं अब्जावधी वर्षांपूर्वीचं, शेवटचं आजचं."

रेघाताईंनी गठ्ठ्याची वरची दोन-तीन पानं उलटून पाहिली. मग म्हणाल्या, "म्हणजे हा वंशवृक्ष उलटा झाला. वरती चिल्लीपिल्ली शंभर, आणि खाली एकच थोरला."

"अगदी बरोबर!"

"आणि तो थोरला पोटच्या पोरांनी वाढला नाही. आलेल्यांना सामावून घेत वाढला."

"अगदी, अगदी बरोबर!"

"मग सोपंय. आमचं घर तसंच आहे."

ते काही चेष्टेत म्हटलेलं नव्हतं. तीन खोल्यांच्या त्या घरात त्या लग्न होऊन आल्या तेव्हा तीन माणसं होती: त्या, सासूबाई आणि चष्म्याच्या दुकानात काचा घासणारा नवरा. चौथ्या वर्षी नणंदेचा नवरा अचानक गेला आणि वन्सं दोन मुलींना घेऊन कायमच्या राहायला आल्या. त्यानंतर सासूबाईंचे एकटे पडलेले भाऊ, मामा, आले. रेघाताईंना स्वतःचं मूल झालं नाही, आणि तरीही सकाळी आंघोळीसाठी रांग लागायची.

काम तीन आठवड्यांचं होतं. डॉक्टर दूरच्या एका परिषदेत हा शोध मांडणार होते आणि आकृती हातात असल्याशिवाय निघता येणार नव्हतं. रेघाताईंनी मोठा ट्रेसिंग पेपर टेबलावर ताणून चिकटवला. पुंजका जेवढा वजनदार तेवढी रेघ जाड, असं ठरलं. वरती सगळ्यात बारीक पेनाच्या केसासारख्या रेघा, खाली येता येता जाड पेनं. दोन रेघा जिथं मिळायच्या तिथला कोपरा त्या इतका हलका वळवायच्या की कुठून कोण आलं ते दिसावं, पण सांधा दिसू नये.

इतके दिवस एकाच गोतावळ्यात राहिल्यावर ओळखी होतातच. आकड्यांनी बोलावणं त्यांना जमेना. सगळ्यात मोठा तो थोरला. दोन पुंजके बराच काळ एकमेकांभोवती फिरत मग एक झाले, त्या जावा. एक नुसताच झिरपत्या द्रव्यावर फुगत गेला, तो ऐतखाऊ. डॉक्टर रोज दुपारी काम कुठवर आलं ते बघायला येत आणि त्यांच्याही तोंडी हीच नावं बसली. "जावा कितव्या चित्रात एकत्र आल्या हो?" असं ते विचारत तेव्हा वस्ताद चष्म्यावरून बघत आणि मान हलवत.

तिसऱ्या आठवड्याच्या सोमवारी रेघाताई एका रेघेपाशी अडल्या. ती तेहेतिसाव्या चित्रात सुरू होत होती. सुरू व्हायला हरकत नव्हती. नवे पुंजके अधूनमधून होतच. पण नवा पुंजका म्हणजे वीस-पंचवीस ठिपक्यांचा. हा उगवला तोच तीनशे चाळीस ठिपक्यांचा होता.

दुपारी डॉक्टर आल्यावर त्यांनी बोट ठेवलं. "हे बघा. जन्मतःच मिशा फुटलेलं बाळ."

डॉक्टरांनी वाकून यादी पाहिली. "प्रोग्रॅमनं नवा म्हटलाय ना? मग नवाच. काढा तसा."

"एकोणतिसाव्या चित्रात एवढ्याच आकाराचा एक पुंजका थोरल्याच्या उजवीकडून आत शिरलाय. तिथं त्याची रेघ संपवलीत. आणि हा डावीकडून उगवलाय."

"म्हणजे?"

"म्हणजे तो मेला नाही. आरपार गेला."

डॉक्टरांचा चेहरा बदलला. परिषदेला बारा दिवस उरले होते. "ताई, किती पुंजके किती काळात मिसळतात हेच मोजायचंय मला. अशा रेघा मनानं जोडायला लागलो तर सगळंच मोडेल. मी दिलंय तसं काढा." आणि दारात गरज नसताना वाकून ते निघून गेले.

रेघाताईंना तोंडात मारल्यासारखं झालं. सहा वर्षांत कुणी त्यांना असं बोललं नव्हतं. मुख्य म्हणजे वस्तादांनी ऐकलं होतं. आता नियम ऐकवणार म्हणून त्या मान खाली घालून बसल्या. पण वस्ताद आपली पेनं धूत राहिले. त्या संध्याकाळी घरी वन्संनी दोनदा विचारलं, "वहिनी, बरं नाही का?" सगळं ऐकून नवरा जेवताना म्हणाला, "गप्प बसून काढून देऊ नकोस. तो म्हणतोय तसं काढ, पण आधी तुला दिसलंय ते दाखव. दाखवणं म्हणजे काही मनानं जोडणं नव्हे." आणि दुसऱ्या दिवशी निघताना त्यानं दुकानातलं एक जाड भिंग रुमालात बांधून त्यांच्या पिशवीत टाकलं.

मंगळवारी त्यांनी वंशवृक्ष बाजूला ठेवला. सव्विसाव्या चित्रापासून छत्तिसाव्यापर्यंत थोरल्याच्या आसपासचा भाग एकेका ट्रेसिंग पेपरवर उतरवून घेतला, कोपऱ्यांत जुळणीच्या फुल्या मारल्या आणि सगळे कागद काचेच्या टेबलावर एकावर एक ठेवून खालचे दिवे लावले. दिसलं ते असं: पुंजका थोरल्याकडे येताना कागदागणिक मोठी टांग टाकत होता. जवळ आला तसा वेग वाढत होता. मग तीन कागदांवर थोरल्याच्या गर्दीत तो दिसेनासा झाला. पलीकडून निघाला तेव्हा टांगा मोठ्याच होत्या, पुढं लहान लहान होत गेल्या. कर्कटकानं मोजल्यावर मधली तीन पावलं त्या अंतरात नेमकी बसत होती.

डॉक्टरांना बोलावणं धाडलं. ते आले, पाहिलं, आणि थोडं नरमले. पण लगेच म्हणाले, "ताई, हे आपण वरून बघतोय. खोली कुठं दिसतेय? एक पुढून गेला असेल, दुसरा खूप मागं उगवला असेल. कागदावर एका ओळीत दिसतील."

मुद्दा बिनतोड होता. तेवढ्यात खोलीच्या त्या टोकाकडून आवाज आला.

"प्लॅन झाला ना? मग आता एलेव्हेशन काढ."

वस्ताद उठून आले होते. "साहेब, नुसत्या वरच्या नकाशावर मी आयुष्यात एक जिना बांधू दिला नाही. बाजूनं कसं दिसतं ते काढायचं. तुमच्याकडे तिसरा आकडा असेलच ना, उंचीचा?"

"आहे," डॉक्टर म्हणाले. "प्रत्येक ठिपक्याचा आहे."

"मग द्या तिला."

दोन दिवस लागले. वस्ताद आकडे वाचत आणि रेघाताई ठिपके देत. आयुष्यभर अर्थ लावायचा नाही म्हणणारा माणूस भिंग डोळ्याला लावून "हा ठिपका अंमळ खाली घे" असं सांगत होता. गुरुवारी दुपारी बाजूचं चित्र पुरं झालं. पुंजका बाजूनंही त्याच वळणावरून आत शिरला होता आणि त्याच वळणावरून बाहेर पडला होता.

डॉक्टर बराच वेळ काचेच्या टेबलावर ओणवे राहिले. खालच्या उजेडानं त्यांचा चेहरा पांढरा दिसत होता. शेवटी म्हणाले, "प्रत्येक ठिपक्याला आम्ही एक क्रमांक दिलाय. तो कधीच बदलत नाही. आत गेले तेच बाहेर आले का, ते तपासता येईल." आणि मग जरा थांबून, "हे मला आधी सुचायला हवं होतं."

त्या काळी कॉम्प्युटरही मागितल्याबरोबर मिळत नसे. आपली पाळी येईपर्यंत थांबावं लागे. सोमवारी डॉक्टर आले ते पळतच आले, आणि दारात वाकायचं विसरले. "तीनशे चाळिसातले तीनशे बारा! तेच आहेत, ताई. अठ्ठावीस ठिपके तेवढे थोरल्यानं ठेवून घेतले."

"आतून जायचं म्हणजे काहीतरी द्यावं लागणारच," वस्ताद म्हणाले.

डॉक्टर हसले, पण हसू टिकलं नाही. त्यांनी सगळी पेटी तपासली होती आणि अशी अकरा उदाहरणं निघाली होती. गर्दीत पुंजका दिसेनासा झाला की प्रोग्रॅम त्याला मिसळला म्हणायचा, बाहेर आला की नवा जन्मला म्हणायचा. मिसळण्याचं सगळं गणितच फुगलं होतं. परिषद पाच दिवसांवर होती.

"मग काय करणार?" रेघाताईंनी विचारलं.

"तार करतो. येत नाही म्हणून."

त्यांनी खरंच तार केली. वर्षभर राबून तयार केलेली संधी त्यांनी सोडली, आणि वरच्या मजल्यावर काहींनी नाकं मुरडली की एका ड्राफ्ट्समन बाईच्या सांगण्यावरून हा माणूस घरी बसला. रेघाताईंच्या मनाला ते फार लागलं. आठवडाभर त्यांना डॉक्टरांच्या नजरेला नजर देववेना. शेवटी डॉक्टरच टेबलाशी येऊन म्हणाले, "तुम्ही गप्प का? थोरल्याचं काम अर्धं राहिलंय. चुकीचं बोलून आलो असतो तर निस्तरायला दहा वर्षं गेली असती."

मग नवा वंशवृक्ष सुरू झाला. त्या अकरा रेघा मोठ्या पुंजक्यांच्या जाड रेघांपाशी येत, पलीकडे निघत आणि पुढं कधीतरी पुन्हा वळून आत येत. कारण सुटून गेलेला पुंजकाही फार लांब जात नसे. ओढ त्याला परत आणायचीच, आणि दुसऱ्या-तिसऱ्या खेपेला तो कायमचा मिसळायचा. अशा रेघा कशा दाखवायच्या हे रेघाताईंनीच ठरवलं: आत असतानाचा भाग तुटक, बाहेरचा अखंड. ते काम पाच आठवडे चाललं. पुढं आयुष्यभर त्या म्हणत, नोकरीतले माझे खरे दिवस ते पाच आठवडे.

आणि ते दिवस होतेही तसेच. सकाळचा उत्तरेचा उजेड टेबलावर सारखा पसरलेला. वस्ताद गुणगुणत पेनं धुताहेत. डॉक्टर दुपारी स्वतःचा डबा घेऊन खाली येतात आणि वर जायचं विसरतात. वन्संची धाकटी मुलगी एकदा शाळा लवकर सुटली म्हणून आली आणि काचेच्या टेबलाखाली बसून उजेडात हात धरत राहिली. तिच्या बोटांची तांबूस सावली रेघाताईंच्या कागदावर पडली तेव्हा कुणीही रागावलं नाही.

लेख छापून आला त्याला पुढं वर्ष लागलं. डॉक्टर अंक घेऊन खाली आले आणि शेवटचं पान उघडून दाखवलं. आभाराच्या चार ओळींत रेघाताईंचं आणि वस्तादांचं नाव होतं, खरं, पूर्ण. त्यासाठी डॉक्टरांना आस्थापना विभागात जाऊन विचारावं लागलं होतं, कारण ती नावं त्यांना ठाऊकच नव्हती. रेघाताईंनी अंक घरी नेला. सासूबाईंनी नाव नीट वाचून घेतलं आणि म्हणाल्या, "चांगलं झालं. पण गुडघ्याचं विचारलंस का?"

त्यानंतर तीन वर्षांनी कॉम्प्युटरच चित्रं काढू लागला. एका खोक्यात पेन स्वतःहून सरकताना पाहायला वस्ताद मुद्दाम वर गेले आणि खाली येऊन म्हणाले, "हात चांगला आहे त्याचा. फक्त कोपरे ओबडधोबड." त्याच वर्षी ते निवृत्त झाले. विभागातली माणसं इकडेतिकडे पांगली. रेघाताईंना ग्रंथालयात घेतलं. तिथं त्यांनी सतरा वर्षं पुस्तकांच्या पाठींवर आकडे घातले, इतके देखणे की लोक पुस्तक शोधायचं सोडून ते बघत. डॉक्टर दूरच्या संस्थेत गेले. पहिली काही वर्षं पत्रं आली, मग अंतर पडत गेलं.

निवृत्तीनंतर सहा वर्षांनी, एका दुपारी, दारात एक उंच, पांढऱ्या केसांचा माणूस वाकून उभा राहिला. रेघाताईंनी क्षणात ओळखलं. घरात आता त्या आणि वन्सं अशा दोघीच होत्या. सासूबाई गेल्या, नवरा गेला, मामा गेले, मुली आपापल्या संसाराला लागल्या. पण डॉक्टरांनी सगळ्यांची चौकशी केली, आणि वस्तादांची केली तेव्हा रेघाताईंना सांगावं लागलं.

"कधी?"

"झाली नऊ वर्षं. शेवटी शेवटी नीट दिसत नव्हतं. पण भेटायला गेलं की विचारायचे, डॉक्टरांच्या पेटीत आता किती ठिपके."

वन्सं चहा ठेवून गेल्या. मग डॉक्टरांनी पिशवीतून कॉम्प्युटर काढला आणि मांडीवर उघडला. "अब्जावधी," ते म्हणाले. "बघा."

पडद्यावर अंधारातून धागे उमटले. धाग्यांवर पुंजके जमले, सरकले, एकमेकांत घुसले, पलीकडून निघाले, वळून परत आले. जे रेघाताईंनी अठ्ठेचाळीस चित्रांत टप्प्याटप्प्यानं पाहिलं होतं, ते इथं अखंड वाहत होतं. त्यांनी नाकावरचा चष्मा वर सरकवला आणि अगदी जवळ जाऊन पाहिलं.

"ही नवी पोरं असे सुटून गेलेले पुंजके आता सहज ओळखतात," डॉक्टर म्हणाले. "क्रमांक लावून, मागेपुढे बघून. मी त्यांना शिकवताना तुमचं सांगतो. हसतात. त्यांना वाटतं मी रंगवून सांगतोय."

"रंगवून कुठं? काळ्या शाईतच होतं सगळं."

दोघंही मनापासून हसले. मग त्या म्हणाल्या, "सुंदर आहे हो. पण फार भरभर होतंय. कुणाशी ओळख होत नाही."

डॉक्टरांनी चित्र थांबवलं, मागं नेलं आणि अगदी हळू सोडलं. वन्संही येऊन मागं उभ्या राहिल्या. तिघांनी चहा निवेपर्यंत ते पाहिलं, आणि वन्संनी डावीकडच्या एका पुंजक्यावर बोट ठेवून हा कुठून आला म्हणून विचारलं, तेव्हा डॉक्टरांच्या आधी रेघाताई सांगू लागल्या.

पाच वाजता त्या डॉक्टरांना बसथांब्यापर्यंत सोडायला गेल्या. रस्त्यात डॉक्टर आपल्या नातीबद्दल बोलत होते. तिला चित्रकलेचा नाद आहे म्हणे, पण पेन्सिल फार दाबून धरते. रेघाताई म्हणाल्या, "पुढच्या खेपेला घेऊन या तिला. हलका हात शिकवता येतो." बस लगेच आली. डॉक्टर चढले, खिडकीशी बसले, आणि बस वळेपर्यंत दोघं एकमेकांना हात करत राहिले.